पीएचडीचा शासनमान्य पूर्वतयारी वर्ग

महाराष्ट्र शासनाच्या अंगी विनय फार. अनुसूचित जातींच्या मुलांसाठी बार्टी, मराठा-कुणबी मुलांसाठी सारथी, ओबीसी आणि भटक्या-विमुक्तांसाठी महाज्योती. या संस्था पीएचडी करणाऱ्यांना अधिछात्रवृत्ती देतात, एवढंच शासन सांगतं. तिच्या आडून भौतिकशास्त्राच्या भावी संशोधकांसाठी एक अख्खा पूर्वतयारी वर्ग चालतो, याचा मात्र कुठल्याच जाहिरातीत उल्लेख नाही. म्हणून ते माहितीपत्रक आम्हीच काढत आहोत, तेही विनामूल्य.

पाठ पहिला, प्रयोगाची पुनरावृत्ती. तोच प्रयोग पुन्हा केला तर तेच हाती यावं, ही विज्ञानाची पहिली अट. २४ डिसेंबर २०२३ रोजी तिन्ही संस्थांच्या अधिछात्रवृत्तीसाठी सामाईक परीक्षा झाली. मुलांनी प्रश्नपत्रिका उघडली, तर समोर २०१९ची सेट या प्राध्यापक-पात्रता परीक्षेची प्रश्नपत्रिका! जशीच्या तशी. चार वर्षांनंतरही निष्कर्षात तसूभर फरक नाही. एवढी अचूकता भल्याभल्या प्रयोगशाळांना साधत नाही.

पाठ दुसरा, निर्वात तंत्र. प्रायोगिक भौतिकशास्त्रात निम्मं आयुष्य निर्वात पात्राची गळती शोधण्यात जातं. त्याची सवय लागावी म्हणून १० जानेवारी २०२४ रोजी फेरपरीक्षा ठेवण्यात आली. प्रश्नपत्रिकांच्या पाकिटांना सीलच नाही, अशी विद्यार्थ्यांची तक्रार. पेपर फुटल्याचा आरोप, बहिष्कार, घोषणा. गळती नेमकी कुठे होती याचा शोध प्रत्येकाने आपापल्या वकुबाप्रमाणे घ्यायचा होता.

पाठ तिसरा, सापेक्षता. दोन निरीक्षकांची घड्याळं सारखी चालत नाहीत, हे आइनस्टाइनने कागदावर सिद्ध केलं. आपल्याकडे ते फाइलवर सिद्ध होतं. मंत्रालयातल्या निरीक्षकाला कालच जाहिरात काढल्यासारखं वाटतं आणि तिकडे विद्यार्थ्याच्या पीएचडी नोंदणीला वर्ष उलटलेलं असतं. खोलीमालकाचं घड्याळ या दोन्हींहून वेगळं. ते दर महिन्याच्या एक तारखेला बरोबर वाजतं.

प्रात्यक्षिकासाठी आझाद मैदान. बाहेरून बल लावल्याशिवाय स्थिर वस्तू जागची हलत नाही, हा न्यूटनचा नियम तिथे पडताळून पाहता येतो. बार्टीच्या २०२१च्या अधिछात्रवृत्तीच्या ८६१ उमेदवारांसाठी २०२३मध्ये विद्यार्थी याच मैदानावर ठिय्या देऊन बसले होते. ‘सरसकट सगळ्यांना द्या’ ही त्यांची मागणी. संशोधनाच्या आराखड्यात या कालावधीसाठी रकाना नसतो, तेवढी एक त्रुटी दूर करावी.

शेवटी तोंडी परीक्षा. ती डिसेंबर २०२३मध्ये नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात, थेट विधान परिषदेत झाली. सारथीच्या जागा दोनशेवरच का अडवल्या, असा विषय निघाला, तेव्हा तत्कालीन उपमुख्यमंत्र्यांनी विचारलं, पीएचडी करून काय दिवे लावणार? पुढे त्यावर दिलगिरीही व्यक्त झाली. खरं तर त्याची गरज नव्हती. भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्याला इतका सोपा प्रश्न क्वचितच मिळतो. जपानच्या नागोया विद्यापीठात प्राध्यापक इसामु आकासाकी यांच्या हाताखाली हिरोशी अमानो नावाचा विद्यार्थी १९८०च्या दशकात गॅलियम नायट्राइडचे स्फटिक वाढवत बसला होता. त्यातून निळा एलईडी आला, निळ्यातून पांढरा उजेड मिळाला आणि २०१४ साली शुजी नाकामुरा यांच्याबरोबर या गुरुशिष्यांना नोबेल. आज घरोघरी, आणि बहुधा सभागृहातही, त्याच संशोधनाचा उजेड पडतो.

काही देशांना मात्र अशी तयारी करून घेणं जमत नाही. अमेरिकेत नॅशव्हिल शहरात फिस्क हे कृष्णवर्णीयांचं ऐतिहासिक विद्यापीठ आणि जवळच श्रीमंत व्हँडरबिल्ट विद्यापीठ. २००४मध्ये त्यांनी दोघांत एक पूल बांधला. मुलांनी फिस्कमध्ये एम.ए. करायचं, त्याच काळात व्हँडरबिल्टच्या प्रयोगशाळांत हात काळे करायचे आणि तिथेच पीएचडीकडे वळायचं. सोबतीला मार्गदर्शक, आणि निवडताना जीआरई या प्रवेशपरीक्षेच्या गुणांपेक्षा चिकाटीकडे लक्ष. ‘ही परीक्षा पुढच्या यशाचा अंदाज नीट देत नाही’ असा लेखही या पुलाच्या एका शिल्पकाराने २०१४ साली ‘नेचर’मध्ये सहलेखकासोबत लिहिला. परीक्षेवरच अविश्वास! आमच्याकडे परीक्षेवर केवढी श्रद्धा. एकच प्रश्नपत्रिका दोनदा वापरण्याइतकी.

अर्थात अमेरिकाही सुधारते आहे. २०२५मध्ये तिथल्या नॅशनल सायन्स फाउंडेशनने विविधता आणि समावेशाच्या नावाखाली दिलेली अनेक अनुदानं एका फटक्यात रद्द केली. आपलं अनुकरण जग किती वेगाने करतं पाहा.

आता थट्टा पुरे. आपली अधिछात्रवृत्ती सुरू होते ती पीएचडीला नोंदणी झाल्यावर. तालुक्याच्या महाविद्यालयातून एम.एस्सी. झालेली मुलगी अडते ती त्याच्या कितीतरी आधी. जेस्ट आणि टीआयएफआरच्या पीएचडी प्रवेशपरीक्षांचे अर्ज कधी निघतात हे तिला कुणी सांगितलेलं नसतं. उन्हाळी प्रकल्पासाठी प्राध्यापकाला पत्र कसं लिहायचं ते ठाऊक नसतं. इंग्रजीतल्या मुलाखतीत फळ्यासमोर उभं राहून ‘हे मला येत नाही, पण असं करून बघते’ म्हणण्याचा सराव नसतो. बुद्धी असते, ओळख नसते. तिचं नाव गळालेल्यांच्या यादीतही येत नाही, कारण ती यादीपर्यंत पोचलेलीच नसते.

पूल बांधायला लागणारं सगळं सामान महाराष्ट्रात आहे. आयुका आणि एनसीआरए या खगोलसंशोधन संस्था तर पुणे विद्यापीठाच्या आवारातच आहेत, आयसर पाषाणला, जीएमआरटी दुर्बिणीच्या तबकड्या खोडदला, टीआयएफआर कुलाब्याला. स्पर्धा परीक्षांच्या शिकवण्यांवर शासन पैसे खर्च करतंच. त्यातला थोडा वाटा वळवून एम.एस्सी.च्या मुलांना वर्षभर विद्यावेतन, एक मार्गदर्शक आणि प्रयोगशाळेतलं एक टेबल द्यावं. आणि अधिछात्रवृत्तीची जाहिरात, परीक्षा, निकाल व पहिला हप्ता यांच्या तारखा एकाच कागदावर छापाव्यात. छापल्यावर त्या पाळाव्यात.