सभेत स्लाईड कशी दाखवावी : नवशिक्यांसाठी

सप्टेंबर उजाडला की कोल्हापूर जिल्ह्यात दोनच गोष्टींची धांदल असते : गणपती आणि वार्षिक सर्वसाधारण सभा. सहकार कायद्याप्रमाणे सभा ३० सप्टेंबरच्या आत उरकायची असते. त्यामुळे दूध संस्था, पतसंस्था, सेवा संस्था, बँका सगळ्यांच्या सभा एकाच महिन्यात एकमेकींच्या अंगावर येतात. अशा वेळी ‘तुला कॉम्प्युटर येतोय न्हवं?’ असं विचारून चेअरमन ज्या पोराच्या गळ्यात लॅपटॉप अडकवतात, त्याच्यासाठी हे चार शब्द.

स्लाईड सभासदांनी वाचावी म्हणून असते, असं कॉलेजात शिकवतात. ते विसरा. पूर्वी चेअरमन छापील अहवाल हातात धरून वाचायचे आणि समोरचा म्हातारा त्याच अहवालात बोट ठेवून ऐकायचा. दोघांपुढं एकच पान उघडं, ही फार धोक्याची पद्धत. १९८७ साली पॉवरपॉइंट बाजारात आलं आणि पुढं प्रोजेक्टर मंगल कार्यालयापर्यंत पोचला, तेव्हा हा प्रश्न सुटला. पडदा नीट दिसायला दिवे घालवावे लागतात, आणि अंधारात अहवाल वाचता येत नाही. (काही हौशी संस्था मिरवणुकीतली एलईडी वॉल आणतात. तिचा उजेड पार मागच्या रांगेपर्यंत जातो, म्हणून आणू नये.)

पहिल्या स्लाईडवर संस्थापकांचा हार घातलेला फोटो. दुसरीवर संचालक मंडळ. इथं घाई नको. फोटो सारख्या मापाचे, क्रम मानाचा, कुणाच्या नावातली वेलांटी चुकलेली नाही ना हे तीन जणांकडून तपासून घ्यावं. ताळेबंद चुकला तर लेखापरीक्षक बघून घेतो; संचालकाचा फोटो राहिला तर तुमची नोकरी राहत नाही. ही स्लाईड निदान पाच मिनिटं पडद्यावर ठेवावी, तेवढ्यात सत्कार उरकतात.

मग प्रगतीचा आलेख. समजा, ठेवी ४८ कोटींवरून ५० कोटींवर गेल्या. आलेख शून्यापासून काढलात तर दोन्ही खांब सारखेच दिसतील आणि चेअरमन तुमच्याकडं बघतील. तोच ४७ पासून काढा. पहिला खांब एक बोट, दुसरा तीन बोटं. आकडा खरा, मोजमाप खरं, आणि ठेवी वर्षात तिप्पट झाल्यासारख्या दिसतात. टाळ्या इथंच पडतात, तेव्हा थांबायचं.

थकबाकीला असं काही करू नये. तिला दहा रकान्यांचा तक्ता करावा, अक्षर मुंगीएवढं ठेवावं आणि वर मथळा द्यावा : ‘वसुलीची समाधानकारक वाटचाल’. ही युक्ती आपल्याच मातीतली आहे अशा भ्रमात राहू नका. २००३ च्या जानेवारीत कल्पना चावला ज्यात होत्या ते कोलंबिया यान अंतराळात असताना नासाच्या बैठकीत एक स्लाईड दाखवली गेली. उड्डाणाच्या वेळी फोमचा एक तुकडा यानाच्या पंखावर आदळला होता. स्लाईडचा मथळा धीर देणारा होता. हा तुकडा चाचणीत वापरलेल्या तुकड्याच्या ६४० पट मोठा आहे, हे कळायला अगदी तळाच्या ओळीतले दोन आकडे शोधून त्यांचा भागाकार करावा लागत होता. तो कुणी केला नाही. यान परतलं नाही, आणि चौकशी मंडळानं अहवालात त्या एका स्लाईडवर वेगळा मजकूर छापला. आपल्याकडं फार तर प्रशासक येतो.

फॉन्टचंही सांगून ठेवतो. ऑफिसात श्रीलिपीत टाईप केलेलं मंगल कार्यालयातल्या दुसऱ्या लॅपटॉपवर उघडलं की ‘सभासद बंधू-भगिनींनो’च्या जागी इंग्रजी अक्षरं, डॉलर आणि कंस यांची रांग लागते. नवखा माणूस इथं घाबरतो. घाबरू नये. ती स्लाईड थकबाकीची असेल तर तशीच राहू द्यावी.

एक चूक मात्र चुकूनही करू नका : स्लाईडवर एकच आकडा ठेवणं. पावसाळ्यात मोबाईलवर नुसतं ‘राजाराम बंधारा ४१ फूट २ इंच’ एवढं येतं. ना आलेख, ना लोगो, ना शेवटी ‘धन्यवाद’. पण पंचगंगेची इशारा पातळी ३९ आणि धोका पातळी ४३ हे इथल्या शाळकरी पोरालाही पाठ असतं. २०१९ साली पाणी ५५ फुटांच्या वर गेलेलं सगळ्यांनी बघितलंय. त्या एका ओळीवर चिखलीतला माणूस दावणीची जनावरं सोडतो आणि कुंभार गल्लीत गणपतीच्या मूर्ती वरच्या मजल्यावर चढू लागतात. थकबाकीचा आकडा असा एकटा लावलात, खाली ‘इशारा इतका, धोका इतका’ लिहिलंत, तर सभासदही लगेच हालचाल करतील. बँकेच्या दारात.

इतकं करूनही अडचण येतेच. ज्या गावात बाबूराव पेंटरांनी कॅमेरा घडवून १९२० साली ‘सैरंध्री’ पडद्यावर आणला, तिथल्या लोकांना पडदा बघायची जुनी सवय आहे. तेरावी स्लाईड चालू असताना मागून आवाज येतो, “ए पोरा, त्ये मगाचं बारीक अक्षराचं परत लाव की जरा!” ऐकू आलं नाही असं दाखवा. दुसऱ्यांदा आवाज आला तर लॅपटॉप हँग झाला म्हणा. तोवर पुढच्या चार रांगांतले आपले लोक ‘मंजूर, मंजूर’ सुरू करतात, मागून ‘नामंजूर’ उठतं, कुणीतरी माईकचा ताबा घेतं. म्हणून सादरीकरणाच्या आधी, सगळ्यात आधी, एक फाईल डेस्कटॉपवर अशा जागी ठेवून द्यावी की अंधारातही सापडेल : राष्ट्रगीत. ते लागलं की सगळे उभे राहतात, गप्प होतात, आणि संपल्यावर जेवणाच्या रांगेकडं वळतात.