मेजर, मायनर आणि दोन ग्लास पाणी

महाविद्यालयात पहिल्या वर्षी शिकवल्या जाणाऱ्या विज्ञानाच्या दोन तुकड्या असतात: एक, ज्यांना पुढे विज्ञानच करायचे आहे त्यांची, आणि दुसरी, ज्यांना ते एका सत्रापुरते सोसायचे आहे त्यांची. विद्यापीठ अनुदान आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये जाहीर केलेल्या आराखड्यात पहिल्या तुकडीच्या विषयाला ‘मेजर’ म्हटले असून, दुसरीसाठी बहुविद्याशाखीय विषयांची सोय केली आहे. हे विषय तीन आणि त्यांची क्रेडिटे एकूण नऊ, क्रेडिट म्हणजे सत्रभर आठवड्याला एक तास व्याख्यान ऐकल्याचे मोल. बारावीला झालेला विषय या गटात पुन्हा घेता येत नाही, कारण वाणिज्याच्या मुलीने भौतिकशास्त्राकडे आणि भौतिकशास्त्राच्या मुलाने समाजशास्त्राकडे जावे असा हेतू आहे. हेतू थोर आहे. निवड मात्र वेळापत्रकातल्या मोकळ्या तासावर, इंटर्नलचे गुण सढळ हाताने देणाऱ्या प्राध्यापकांच्या कीर्तीवर आणि मैत्रिणीने काय घेतले यावर ठरते.

या तुकड्या एकत्र बसवण्याचा प्रयोगही राजधानीत होऊन गेला आहे. दिल्ली विद्यापीठाने २०१३ मध्ये सुरू केलेल्या चार वर्षांच्या पदवीक्रमात पायाभूत अभ्यासक्रम सर्वांना सक्तीचे होते, त्यामुळे गुरुग्रामहून मेट्रोच्या यलो लाइनने विश्वविद्यालय स्थानकापर्यंत उभ्याने जाणाऱ्या गणित ऑनर्सच्या विद्यार्थ्यालाही तिथे पोचल्यावर गणिती क्षमता वाढवण्याच्या तासाला बसणे प्राप्त होते. जून २०१४ मध्ये तो क्रम गुंडाळला गेला.

बिगर-मेजर विज्ञान म्हणजे पाणी घातलेले विज्ञान, असा मेजरवाल्यांचा समज असतो, आणि तो तपासून पाहण्यासारखा आहे. मेजरचा विद्यार्थी प्रयोगशाळेत लोलक टांगतो, वीस आंदोलने मोजतो आणि गुरुत्वीय त्वरण अकराच्या घरात आले की शांतपणे निरीक्षणे दुरुस्त करतो, कारण उत्तर ९.८ यायचे हे त्याला अकरावीपासून ठाऊक असते आणि जर्नलवर सही हवी असते. इतिहासाच्या विद्यार्थिनीला मात्र ९.८ ठाऊक नसल्याने ती अकरा लिहून मोकळी होते आणि वर ‘पण हे कशावरून?’ असे विचारते. प्राध्यापकांना घाम फुटतो तो या प्रश्नाने, सिद्धतांनी नव्हे.

गुरुग्रामसारख्या शहरात हा प्रश्न विचारण्याची संधी रोज मिळते. नोव्हेंबर उजाडला की सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटावर हवेच्या गुणवत्तेचा निर्देशांक क्रिकेटच्या धावसंख्येसारखा फिरू लागतो. हा आकडा आठ प्रदूषकांची सरासरी असावी असे बहुतेकांना वाटते, परंतु तशी ती नाही: प्रत्येक प्रदूषकाचा उपनिर्देशांक काढून त्यांतला सर्वांत वाईट तोच जाहीर केला जातो. ज्या दिल्ली विद्यापीठात २०२१ पर्यंत सर्वांत चांगल्या चार विषयांच्या गुणांवर प्रवेश मिळत असे, त्या परिसरात वाढलेल्या पिढीला ही रीत अन्यायाची वाटली तर नवल नाही.

खरी परीक्षा मात्र दिवाणखान्यात होते. पाणी शुद्ध करणाऱ्या आरओ यंत्राचा विक्रेता बाराव्या मजल्यावर येतो, एका ग्लासात नळाचे आणि दुसऱ्यात आरओचे पाणी ओततो, दोन्हींत लोखंड व ॲल्युमिनियमच्या कांड्या बुडवतो आणि बटण दाबतो. मिनिटभरात नळाचे पाणी हिरवट, मग तपकिरी होते आणि तळाशी किळसवाणा गाळ बसतो. आरओचे पाणी जसेच्या तसे राहते. ‘हेच तुम्ही पीत होता,’ असे तो खालच्या आवाजात सांगतो. वस्तुतः तो गाळ पाण्यातला नसून बहुतांशी कांडीतल्या लोखंडाचा असतो. नळाच्या पाण्यात विरघळलेल्या क्षारांमुळे वीज वाहते आणि लोखंड झिजून त्याची संयुगे तळाशी बसतात. आरओच्या पाण्यात क्षारच नाममात्र, म्हणून वीजही नाममात्र. विरघळलेल्या एकूण घन पदार्थांचे, म्हणजे टीडीएसचे, प्रमाण लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपर्यंत असेल तर भारतीय मानकानुसार तेवढ्यावरून पाणी पिण्यास अयोग्य ठरत नाही. टीडीएस मीटरवरचा आकडा म्हणजे घाणीचे मोजमाप नव्हे, आणि जंतू तर त्याला दिसतच नाहीत.

हे विद्युत अपघटन दहावीच्या पुस्तकात असते. सोफ्यावर बसलेला बी.एस्सी. झालेला गृहस्थ ते मेजरला सविस्तर शिकलेला असतो, समीकरणे त्याला आजही म्हणून दाखवता येतील, परंतु तो त्या वेळी मासिक हप्त्याचा हिशेब करत असतो. अशा प्रसंगी वाचवते ती साताऱ्याहून थंडीपुरती मुलाकडे आलेली, विज्ञानाशी मेजर वा मायनर कोणताही संबंध न आलेली आजी. ‘त्या चांगल्या पाण्यात चिमूटभर मीठ टाकून बघा की हो,’ असे ती सुचवते. मीठ पडते, कांड्या पुन्हा बुडतात, आणि आरओचे पाणीही रंग बदलू लागते. नेमका त्याच क्षणी विक्रेत्याला कुठून तरी तातडीचा फोन येतो आणि तारा गुंडाळता गुंडाळता तो वार्षिक देखभाल करारावर दहा टक्के सूट जाहीर करतो.