गाडीवर नाव

‘कधी गाडीवर नाव, तर कधी नावेवर गाडी’ या म्हणीचा वाक्यात उपयोग करण्याचा प्रसंग शालेय वयात माझ्यावर दोनदा आला, आणि अनुभवाचा लवलेशही पाठीशी नसताना मी तो दोन्ही वेळा मास्तरांच्या समाधानापुरता निभावून नेला. पुढे महसूल खात्यात 34 वर्षे कलम घासून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाल्यावर एकदा दाभोळहून धोपाव्याला जाताना आमची जीप माणसांसकट फेरीबोटीत चढली, तेव्हा म्हणीचा उत्तरार्ध डोळ्यांनी पाहिला. पूर्वार्ध मात्र येणे बाकी म्हणून तसाच खतावणीत पडून राहिला. ती बाकी वसूल झाली ती थेट कॅनडात, ओंटारियो प्रांती, मिसिसागात, आमच्या चिरंजीवांच्या दारात.

जून महिना होता. “शनिवारी कनू येणार आहे,” असे चिरंजीव जेवताना म्हणाले, तेव्हा आमच्या सौभाग्यवतींनी हा कोणी गुजराती स्नेही असावा असा साहजिक तर्क करून, “कनूभाई जेवूनच येणार का इथेच पान मांडायचं?” अशी पृच्छा केली. त्यावर नातू इतका हसला की त्याला ठसका लागला. कनू म्हणजे दोन्ही टोकांना निमुळती, बिनछपराची, वल्ह्याने हाकायची हलकी होडी. ती या मुलखातल्या मूळ रहिवाशांनी भूर्जवृक्षाच्या सालीपासून घडवली, आणि पुढे फर घेणाऱ्या गोऱ्या व्यापाऱ्यांनी तिच्याच जोरावर निम्मे खंड पालथे घातले, हे मला त्या रात्री सविस्तर समजले. भूर्जपत्रावर आपल्या पूर्वजांनी पोथ्या लिहिल्या आणि इकडच्या लोकांनी त्याच जातीच्या झाडाची होडी केली, हे ऐकून माझ्यातल्या कारकुनाला क्षणभर आपल्या परंपरेविषयी उगीचच कमीपणा वाटला.

शनिवारी आलेली कनू सालीची नव्हती. ती कोणा गृहस्थाने वापरून विकलेली, तांबड्या रंगाची, 16 फूट लांब आणि सुमारे 60 पौंड वजनाची होती. चिरंजीवांकडे पिकअप आहे. या वाहनाच्या पुढल्या भागात राजेशाही बैठक आणि मागे उघडा हौदा असतो, आणि माझ्या दोन महिन्यांच्या निरीक्षणाप्रमाणे त्या हौद्यातून दुधाचा कॅन व तांदळाचे पोते यांपलीकडे कशाचीही वाहतूक झालेली नव्हती. तेव्हा या वाहनाच्या खरेदीचे समर्थन व्हावे म्हणून होडी घेतली, का होडी घ्यायची म्हणून वाहन घेतले, याची चौकशी मी सुनेच्या चेहऱ्याकडे पाहून तहकूब ठेवली.

मोजणीचे काम माझ्याकडे आपोआप आले. हौदा साडेपाच फूट, फाळका पाडला की आणखी दोन फूट, एकूण साडेसात. नाव 16 फूट. म्हणजे साडेआठ फूट नाव हद्दीबाहेर, आणि ज्या मिळकतीचा निम्म्याहून अधिक भाग हद्दीबाहेर आहे ती मिळकत आपली म्हणवत नाही, हे मी नम्रपणे निदर्शनास आणले. चिरंजीव यंत्रशास्त्राचे पदवीधर असल्यामुळे त्यांनी माझे म्हणणे हसून दप्तरी दाखल केले, नाव हौद्यात सरकवली, आणि पट्टे आणण्यासाठी ते घरात गेले. ती नाव प्रथम स्थिर होती. मग तिचे आतले टोक, सभेत कोणी मोठा मनुष्य आल्यावर अर्धवट ऊठ-बैस करणाऱ्या मंडळींसारखे, किंचित वर उठले, पुन्हा बसले, पुन्हा उठले. आणि मग बाहेरच्या टोकाने अत्यंत सावकाश, अत्यंत अदबीने, धरणीमातेला दंडवत घातले. मी व नातू दोघेही हे पाहत होतो, परंतु मदतीला धावण्याइतका वेळ असूनही, त्या क्रियेच्या भारदस्तपणामुळे, आमच्यापैकी कोणीही जागचे हलले नाही.

यानंतर टी या इंग्रजी अक्षराच्या आकाराचा एक लोखंडी बाहू बाजारातून आला. गाडीच्या मागच्या बाजूला, ओढगाडी जोडण्यासाठी जे चौकोनी भोक असते, त्यात तो खोचला की हौद्याची लांबी वाढल्यासारखे होते. पण एवढ्यात शेजारचे वयोवृद्ध गृहस्थ, जे गेला अर्धा तास आपल्या हिरवळीला पाणी घालण्याच्या मिषाने एकाच जागी पाणी घालत होते, ते कुंपणाशी आले, प्रथम ‘सॉरी’ म्हणाले (या देशात कोणतेही उपयुक्त भाषण माफीनेच सुरू होते), आणि त्यांनी अशी तजवीज सुचवली की तो बाहू आडवा न ठेवता उभा करावा, नाव पालथी घालावी, तिचे पुढचे टोक गाडीच्या टपावर फोमच्या ठोकळ्यांवर आणि मागचे त्या बाहूच्या आडव्या दांड्यावर टेकवावे. म्हणजे पाऊस आत साठत नाही, वारा पोटात शिरत नाही, आणि मागे लोंबणारा भागही फारसा उरत नाही.

लोंबणाऱ्या भागाविषयी ओंटारियोत कायदा आहे. दीड मीटर वा त्याहून अधिक माल गाडीमागे डोकावत असेल तर त्याच्या शेवटच्या टोकाला दिवसा लाल निशाण आणि रात्री लाल दिवा लावावा लागतो. पालथ्या नावेचे टोक दीड मीटरच्या पुष्कळ आत असल्याने निशाणाची जरुरी नाही, असे चिरंजीव म्हणाले. जरुरी नसताना लावलेल्या निशाणाबद्दल आजवर कोणावर खटला झाल्याचे ऐकिवात नाही, असे मी म्हणालो. आणि सौभाग्यवतींनी आत जाऊन, कोणाच्या तरी ओटीत घालण्यासाठी साताऱ्याहून आणलेला लाल खण बाहेर आणून वादाचा निकाल लावला. नावेला हळदकुंकू वाहिले गेले. शेजारच्या गृहस्थांनी टोपी काढली.

दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही अल्गॉन्क्विन उद्यानाकडे निघालो. 1893 साली स्थापन झालेले हे अरण्य साडेसात हजार चौरस किलोमीटरांहून मोठे असून त्यात तळ्यांची अगदी बजबजपुरी आहे. आधी 400 क्रमांकाचा हमरस्ता, मग 11, मग हंट्सव्हिलपासून 60, अशी तीन तासांवरची वाट. समोरच्या काचेवर नावेचे टोक टोपीच्या झापेसारखे पुढे आले होते, आणि आपण सगळे एका तांबड्या पागोट्याखाली बसून चाललो आहोत असा भास होत होता.

शहर मागे पडून गाडीने वेग घेतला आणि ध्वनी सुरू झाला. प्रथम तो दूर कोणीतरी तंबोरा जुळवीत असावा असा होता. मग तो भरत गेला, आणि ताशी 90 च्या पुढे तर अख्खी गाडी काळी दोनमध्ये घुमू लागली. चिरंजीव फिके पडले. इंजिन, मग चाक, मग त्याचे बेअरिंग असे एकेका संशयिताचे नाव त्यांनी घेतले. सूनबाई फोनवर गॅरेज शोधू लागली. सौभाग्यवतींनी रामरक्षा सुरू केली, आणि गाडीचा षड्ज आयता मिळाल्यामुळे ती नेहमीपेक्षा पुष्कळच सुरात झाली. मी तीस वर्षे भजनीमंडळात बसलेला मनुष्य. सूर खालून येत नसून डोक्यावरून येतो आहे, एवढे मी सांगितले.

रस्त्याकडेला सोयीची जागा पाहून गाडी थांबवली. सूर थांबला. नाव जागच्या जागी होती. फक्त तिच्यावरून ताणून घेतलेले दोन सपाट, नायलॉनचे, बोटभर रुंदीचे पट्टे आपापल्या जागी निष्पापपणे उभे होते. मी त्यातल्या एकावर टिचकी मारली. तोच सूर! पट्टा सपाट असला आणि ताठ असला की वाऱ्याच्या धारेत तो सगळा एकदम थरथरतो, हे मला तेव्हा कोणी शिकवलेले नव्हते; पण गावाकडे कडब्याची गाडी सुंभाने आवळताना पाहण्यात बालपण गेले होते, आणि सुंभ कधी गायल्याचे आठवत नव्हते. “याला पीळ नाही,” मी म्हणालो. चिरंजीवांना तो शब्दच प्रथम कळला नाही. मी खटका सैल करायला लावला, पट्ट्याला दोन्ही बाजूंना दोन-दोन पीळ दिले आणि पुन्हा आवळायला सांगितले. त्यानंतर ताशी 100 ला गाडीत इतकी शांतता पसरली की सौभाग्यवतींची रामरक्षा एकदम उघडी पडली. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, असे आमच्याविषयी सूनबाईंच्या माहेरी म्हणतात असे मी ऐकून आहे. त्या दिवशी तिने पीळ या विषयावर चकार शब्द काढला नाही.

पुढच्या वाटेचे वर्णन करण्यासारखे थोडेच आहे. एका चरात गुडघाभर पाण्यात उभा असलेला मूस नावाचा प्रचंड प्राणी दिसला. हिवाळ्यात रस्त्यावर टाकलेले मीठ विरघळून चरात उतरते आणि ते चाटायला तो येतो म्हणे. ‘कनू लेक’ जवळ आले तेव्हा चिरंजीवांनी, वेळ साधून, टॉम थॉमसन या विख्यात चित्रकाराची हकीकत सांगितली: 1917 च्या जुलैत तो याच तळ्यात कनू घेऊन गेला, कनू रिकामी सापडली, आणि आठ दिवसांनी प्रेत; मृत्यू कसा झाला यावर लोक अद्याप भांडतात. पंचनामा वेळीच नीट झाला असता तर शंभर वर्षे ही तकरार चालली नसती, असे मी म्हणालो. पण माझे लक्ष काठाकडे लागले होते, कारण तिथे एका दुकानासमोर, रांगेने, ओळीने, एकावर एक रचलेल्या, पिवळ्या, हिरव्या आणि तांबड्या अशा कितीतरी कनू भाड्याने देण्यासाठी ठेवलेल्या होत्या.

कोणी काही बोलले नाही. शेवटी चिरंजीव म्हणाले, “बाबा, आपली ती आपली.” मिसिसागाच्या प्रत्येक भारतीय दुकानात मसाला मिळत असताना साताऱ्याहून तीन किलो काळा मसाला आणलेल्या मनुष्याला यावर आक्षेप घेण्याचा अधिकार राहत नाही.

नाव पाण्यात घालायला दोन मिनिटे लागली. मध्यभागी मी, पुढे नातू, मागे चिरंजीव. तळे संपले तिथे एक पिवळी पाटी दिसली, आणि पाटीपासून पुढच्या तळ्यापर्यंत सुमारे तीनशे मीटर जमीन आडवी होती. तेव्हा चिरंजीवांनी नाव उलटी करून खांद्यांवर घेतली आणि ते झाडीतून चालू लागले. याला पोर्टेज म्हणतात. फरच्या व्यापारातले हमाल अशा वाटांवर 90 पौंडांचे दोन दोन गठ्ठे पाठीवर वाहत. दोन वल्ही आणि एक पाण्याची बाटली घेऊन मी मागून चाललो होतो, आणि समोर नावेखालून दोन पाय तेवढे दिसत होते. माणसावर नाव, हा पोटभेद म्हण रचणाऱ्याच्या ध्यानात आला नसावा.

संध्याकाळी नाव पुन्हा टपावर चढली. ती ओली होती, खणाचा रंग उतरून तिच्या कडेला एक तांबूस ओघळ आला होता, आणि काळ्या माश्यांनी माझ्या कानामागे यथेच्छ भोजन केलेले होते. चिरंजीव पट्टे आवळत होते. मी दुसऱ्या बाजूला उभा होतो. त्यांनी मला विचारले नाही, माझ्याकडे पाहिलेही नाही. पट्टा हातात घेऊन त्यांनी त्याला एक पीळ दिला, जरा थांबले, आणि आणखी एक दिला.