ओसाका रिटर्न

शनिवारी रात्री आठनंतर कोरेगाव पार्क, बाणेर, विमाननगर, कुठल्याही आशियाई रेस्टॉरंटमध्ये डोकवा. ओसाका रिटर्न काका सापडणारच. वय पंचावन्नच्या पुढे, नोकरी पिंपरी-चिंचवडकडची आणि कधीकाळी कंपनीनेच ओसाकाला धाडून दिलेलं दोन आठवड्यांचं ट्रेनिंग. तेवढ्या शिदोरीवर त्यांनी जपानपासून इंडोनेशियापर्यंतचा मुलूख पोटात घातला आहे.

मेन्यूकार्ड हाती येताच नापसंतीला सुरुवात होते. "मांचुरियन? अगं, मांचुरियात विचार कुणाला, ओळखणारसुद्धा नाहीत!"

हे मात्र खरं. चिकन मांचुरियन जन्मलं मुंबईत, १९७५ साली, क्रिकेट क्लब ऑफ इंडियात. कोलकात्याहून आलेल्या नेल्सन वाँग यांनी आलं-लसूण-मिरची परतली, गरम मसाल्याऐवजी सोया सॉस ओतला, आणि पुढे गावोगावच्या गाड्यांवर तांबूस रश्श्यात कोबीचे गोळे पोहू लागले. काकांच्या लेखी ही शुद्ध भेसळ. म्हणून ते पॅड थाय मागवतात, 'हजार वर्षांची परंपरा' म्हणून. त्या पॅड थायचा प्रसार दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास थायलंडचे तेव्हाचे पंतप्रधान फिबुन यांच्या सरकारने राष्ट्राभिमान वाढवण्यासाठी केला. म्हणजे परंपरा काकांच्या वडिलांहूनही लहान. रामेनच्या नूडल्सही जपानने चीनकडूनच घेतल्या. पण सांगणार कोण? बिल काका देतात.

थाय करीबरोबर भात आला, की ते चॉपस्टिक मागवतात. खुद्द थायलंडमध्ये भात चमच्याने खातात, काट्याने चमच्यावर लोटून. चॉपस्टिक बहुतेक नूडल्सपुरत्या. काकांची चार शितं तोंडापर्यंत पोचेस्तोवर काकूंचा भात संपून त्या आइस्क्रीमचं पान शोधत असतात.

कोरियन हॉटेलात तर खरी कसोटी. रांजणगावच्या एलजीसारख्या कारखान्यांमुळे कोरियन इंजिनियर पुण्यात आले, त्यांच्यामागोमाग किमची आली. तिथल्या चॉपस्टिक स्टीलच्या, चपट्या आणि गुळगुळीत. त्यांच्या चिमटीतून त्तोकबोक्कीचा, म्हणजे तांदळाच्या पिठाचा तो लांबट चिवट तुकडा सुटला, की लालभडक तिखट रस्सा थेट शर्टाच्या दुसऱ्या बटणावर. काका लिंबू मागवतात आणि डाग चोळता चोळता गोचुजांग कसं आंबवतात ते समजावून देतात.

वेटरला ते कमरेत वाकून "अरिगातो गोझाइमास" म्हणतात. वेटर मिझोरामचा असतो, कधी दार्जिलिंगचा. "काका, पाणी साधं देऊ की बाटली?" तो स्वच्छ मराठीत विचारतो. मिझोराम-दार्जिलिंगकडच्या पोरांना त्यांच्याच देशात परदेशी ठरवण्यात तसा विनोद कमीच. काकांच्या मनात खोट नसते, एवढंच. टिपही बरी ठेवतात.

पंचाईत झाली ती शेचुआन जेवताना. मिऱ्याएवढा एक दाणा चिमटीत धरून काका म्हणाले, "चाव. जीभ बधिर होते बघ. याला म्हणतात खरं शेचुआन! आपल्याकडे बापजन्मी मिळणार नाही."

काकू मालवणच्या. त्यांनी दाणा हुंगला, चावला. "अहो, हे तर तिरफळासारखं! बांगड्याच्या आमटीत घालते ना मी, तुम्ही ताटाच्या कडेला काढून ठेवता ते?"

वनस्पतिशास्त्र काकूंच्या बाजूने आहे. दोन्ही झाडं झँथोझायलम या एकाच प्रजातीतली, फक्त जाती निराळ्या. काकांनी मोबाइलवर तीनदा शोधून पाहिलं आणि ग्रीन टी मागवला.

पुढच्या रविवारी घरी बांगडे आले. काका स्वयंपाकघराच्या दारात उभे. "तिरफळं यंदा जरा जास्त घाल. आणि अशी ओबडधोबड ठेचू नकोस, आधी भाजून मग बारीक कुटायची. शेचुआनमध्ये..."

"बांगडे साफ करायचे राहिलेत," काकूंनी विळी पुढे सरकवली. "शेचुआनमध्ये ते कसे करतात, दाखवा बघू."