गुहावीर

जुने व्हिडिओ गेम खेळणाऱ्यांत बढाया मारणारे पुष्कळ. ‘कॉन्ट्रा’वाला आपण शेवटपर्यंत कसे पोचलो ते ऐकवतो, वर-वर-खाली-खाली दाबून पदरात पाडलेल्या तीस जिवांचा विषय तेवढा टाळतो. ‘मारिओ’वाल्याला कुठल्या नळातून कुठे जाता येतं ते तोंडपाठ. आपण किती फुटकळ कारणानं मेलो हे छाती फुगवून सांगणारा मात्र या जमातीत एकच. तो ‘स्पेलंकर’वाला.

हा प्राणी मूळचा जपानचा. वय पन्नाशीच्या आसपास. टोकियोत अकिहाबाराला जुन्या गेमची दुकानं आहेत. तिथल्या जिन्यावर कठडा घट्ट धरून, एकेक पायरी पारखत उतरणारा धडधाकट माणूस दिसला, तर खुशाल समजावं की हाच तो.

त्याचा गेम खरं तर अमेरिकेतला. टिम मार्टिन यांनी १९८३ साली तो अटारीच्या घरगुती संगणकासाठी केला. १९८५च्या डिसेंबरात आयरेम कंपनीनं तो निन्टेंडोच्या फॅमिकॉमवर आणला. नववर्षाला जपानी मुलांच्या हातात वडीलधारे पैशांची पाकिटं ठेवतात, त्यामुळे मुहूर्त अचूक साधला गेला. आमच्या वीरानंही वर्षाची ती सगळी कमाई या कॅसेटवर उधळली. घरी येऊन यंत्र चालू केलं, नायकाला गुहेतल्या लिफ्टमधून बाहेर काढायला गेला, पाऊल जरा चुकलं आणि नायक गेला. कुठल्या राक्षसानं मारलं नाही. लिफ्ट आणि जमीन यांची पातळी जुळली नव्हती, एवढंच.

हा नायक स्वतःच्या उंचीपेक्षाही कमी उंचीवरून पडला तरी मरतो. आपल्या जुन्या वाड्याचा उंबरठा ओलांडताना तो दगावला असता. उतारावर उडी मारली की मरतो, दोर सोडताना चुकला की मरतो, वटवाघळाची शीट अंगावर पडली तरी मरतो. स्वतः लावलेल्या सुरुंगापासून वेळेत पळाला नाही तर मरतो, हे एक वेळ समजू शकतं. पण काही न करता गप्प उभा राहिला तरी शक्ती संपून मरतोच. भुताला हुसकावायला बंदूक दिलेली आहे खरी. ती चालवली की तीच शक्ती आणखी भराभर संपते.

लोकांनी या गेमची यथेच्छ टिंगल केली. पण आपला वीर शांतपणे म्हणतो, “गेम अवघड नाही हो, न्यायी आहे.” त्याच्या मते बाकीचे गेम लबाड: कधी मारतात, कधी सोडून देतात. इथे नियम एकच आणि तो सगळ्यांना सारखा. मरण आलं तर चूक आपली. कचेरीतल्या साहेबाविषयी त्यानं इतकी समजूत कधी दाखवलेली नाही.

या शिस्तीचा अंमल बाहेरही चालतो. विजेच्या तारांवर कबुतरं दिसली की तो रस्ता ओलांडून पलीकडून जातो. लिफ्ट थांबली तरी लगेच बाहेर पडत नाही. मागचे लोक खाकरतात. सारखे जायबंदी होणाऱ्या बेसबॉलपटूंना जपानी प्रेक्षक याच गेमच्या नावानं चिडवतात, तेव्हा मात्र त्याचा पारा चढतो. “आमचा माणूस पट्ट्या बांधून बाकावर बसत नाही. एकदाचा मरतो आणि परत उभा राहतो!”

२००९ साली प्लेस्टेशन ३वर या गेमची नवी आवृत्ती आली. चित्रं सुधारली, इंटरनेटवरून सहा जणांना एकत्र खेळण्याची सोय झाली. नायकाची तब्येत सुधारली असेल या भीतीनं वीराची झोप उडाली होती. पण तो पूर्वीइतकाच नाजूक निघाला, आणि सहा जण एका वेळी दगावण्याचा आनंद पदरात पडला तो वेगळाच.

फॅमिकॉमच्या गेममध्ये चार टप्पे पार केले की खजिना मिळतो. मिळाला की गेम संपत नाही, पहिल्यापासून सुरू होतो, आणि या वेळी वाटेतली दारं उघडायच्या किल्ल्या दिसतच नाहीत. वीराला त्यांच्या जागा पाठ आहेत. बायकोच्या वाढदिवसाची तारीख त्याला कॅलेंडरवर बघावी लागते, तो मुद्दा इथे नको.

अशा माणसाला शिष्य हवाच असतो. एका सुट्टीत त्यानं भाच्याला पकडलं, लिफ्टपासून भुतापर्यंत सगळे धोके समजावले आणि मोठ्या मनानं कंट्रोलर त्याच्या हातात दिला. मग मांडी ठोकून बसला, पोरगं कुठे मरतं ते बघायला. पोरगं लिफ्टमधून नीट उतरलं. दोरावरून नीट उतरलं. वटवाघळाखालून अंग चोरून निघालं आणि पहिला टप्पा एकही जीव न गमावता पार करून मामाकडे बघायला लागलं.

मामाचा चेहरा पडला. “हे बघ,” तो म्हणाला, “असं न मरता खेळलास, तर तुला गेम कळणार कसा?”