लोंबत्या पट्ट्यांची मीमांसा

पाठीवरच्या पिशवीला पट्टे किती असावेत, या प्रश्नावर आजवर एकाही पंडिताने लेखणी झिजवलेली नाही. माझ्यासमोर जाड कॅनव्हासची, पितळी बकलांची एक सॅक आहे. जुन्या कामगारी आणि लष्करी कपड्यांच्या धर्तीवर माल काढणाऱ्या एका कंपनीची. तिला नऊ पट्टे आहेत. दोन खांद्यांवर जातात, उरलेले सात कुठेच जात नाहीत. प्रस्तुत प्रबंध या सातांविषयी आहे.

आधी रंगनिर्णय. दुकानदार 'मिलिटरी कलर' म्हणून मोकळा होतो, पण शास्त्राचे तेवढ्याने भागत नाही. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैन्याच्या कॅनव्हासच्या सामानाचा रंग आधी ऑलिव्ह ड्रॅब क्रमांक ३ होता. १९४३ च्या सुमारास तो गडद होऊन क्रमांक ७ झाला. पहिला वाळल्या गवताकडे झुकतो, दुसरा शेवाळाकडे, आणि या दोन छटांवरून संग्राहक एकमेकांशी बोलणे टाकतात. माझी सॅक मी उन्हात, सावलीत आणि ट्यूबलाइटखाली तपासली. तिन्ही ठिकाणी बायकोने 'मळखाऊ' असा एकच निकाल दिला. तिचा निकाल व्युत्पत्तीलाही धरून आहे. खाकी हा शब्द फारसी 'खाक' म्हणजे धूळ यावरूनच आला, आणि १८४० च्या दशकात वायव्य सरहद्दीवरच्या कोअर ऑफ गाइड्स या पलटणीने तो रंग अंगावर घेतला.

आता पट्टे. पूर्वपक्ष म्हणतो की लष्करी वस्तूवरचा एकही पट्टा विनाकारण नसतो. मान्य. अमेरिकन शिपायाची एम-१९२८ हॅवरसॅक पाहा. (हॅवरसॅक मूळची जर्मन, घोड्याचे ओट ठेवायची, म्हणजे आपल्या तोबऱ्याची चुलतबहीण.) तिला पिशवी म्हणणे हाच मुळात उपचार, कारण ती होती नुसता कापडाचा तुकडा. तो जमिनीवर पसरायचा, त्यावर सामान रचायचे, घड्या घालायच्या आणि पट्टे आवळायचे. पट्टे म्हणजेच पिशवी! आतला एक मोजा हवा असेल तर सगळा संसार उलगडायचा. शिपाई वैतागून गेले, आणि युद्ध संपत आले तेव्हा कुठे सैन्याने नवी पिशवी काढली.

सिद्धांतपक्षाचे म्हणणे असे की या कंपन्यांना शिपायाची पिशवी नकोच असते. त्यांना आवडते ती एम-१९३६, म्हणजे साहेबाची. एक सुटसुटीत खण, वर झाकण. हवी तर खांद्याला अडकवा, हवी तर पाठीवर घ्या. साहेबाचा बिछाना मागून गाडीतून यायचा, तेव्हा ती हलकी राहिली यात नवल नाही. अस्सलपणाच्या बाबतीत जपानी मंडळी सर्वांत कडवी. जुन्या विमानी जॅकेटांच्या टाक्याटाक्याशी इमान राखणारी 'बझ रिक्सन्स' १९९३ मध्ये सुरू झाली. ज्याच्या नावाने ती चालते तो वैमानिक मात्र कधी जन्मलाच नाही. 'द वॉर लव्हर' या १९६२ च्या चित्रपटातले ते पात्र, स्टीव्ह मॅक्वीनने रंगवलेले.

असो. मी साहेबाची सुटसुटीत पिशवी घेतली आणि तिच्यावर शिपायाचे पट्टे आले, असा हा संकर आहे. सातही पट्ट्यांवर महिनाभर प्रयोग केले. पहिल्यात छत्री बसते, पण निघत नाही. दुसरा व तिसरा एकमेकांना बांधता येतात. त्यातून काही साधत नाही. चौथा डबा उघडताना आमटीत पडतो. पाचव्याला बकल आहे, सहाव्याला बकलाची वाट पाहणारी भोके आहेत, आणि दोघांची तोंडे विरुद्ध दिशांना. सातवा बायकोने कापून नेला. गॅलरीतला झाडू सध्या त्याने गजाला बांधलेला आहे.