लोकसहभागाचा खान्देशी नमुना

बांधकाम कंपन्यांना हल्ली लोकसहभागाचं भारी वेड. एक रक्तदान शिबिर, चार रोपं, फोटोपुरतं घमेलं. जळगावनं हे प्रकरण फार आधी आणि फार मोठ्या प्रमाणावर करून दाखवलं. तेव्हाच्या नगरपालिकेनं घरकुलांचा ठेका खान्देश बिल्डर्सला दिला, वर बिनव्याजी आगाऊ कोट्यवधी. घरं हजारोंनी व्हायची होती. दीड हजारांवर गाडी अडली.

मनुष्यबळ मात्र वाढलं, हे कबूल करायलाच हवं. २००६ साली महापालिका आयुक्त प्रवीण गेडाम यांनी गैरव्यवहाराची फिर्याद दिली आणि आरोपींची यादी लांबत गेली. ३१ ऑगस्ट २०१९ रोजी धुळ्याच्या विशेष न्यायालयानं ४८ जणांना दोषी ठरवलं. माजी मंत्री सुरेश जैन यांना ७ वर्षं कैद आणि १०० कोटी दंड. निवडणुकीत एकमेकांचं तोंड न पाहणारी मंडळी एका पिंजऱ्यात मांडीला मांडी लावून! सर्वपक्षीय ऐक्य म्हणतात ते हेच. (आमच्याकडे भरीत पार्टीतही इतकी माणसं सहसा जमतात, पण टिकत नाहीत.)

अपिलं उच्च न्यायालयात गेली. घरकुलांसाठी काढलेल्या हुडकोच्या कर्जाचे हप्ते मात्र महापालिका वर्षानुवर्षं भरत राहिली. त्या सहभागाची जळगावकरांना वेगळी वर्गणी द्यावी लागली नाही, घरपट्टी होतीच.